शांततेची तक्रार

विश्रांती मनुष्याला आपोआप मिळत नाही. तिची रीतसर व्यवस्था करावी लागते. म्हणूनच हिवाळ्याच्या सुट्टीत पुण्याची माणसं घरातली गादी सोडून, रात्रभर प्रवास करून, उंद्रीच्या शिवारात तंबूत येऊन पडतात. (एका अंदाजानुसार त्यांतले निम्मे परतल्यावर आजारपणाची रजा टाकतात. उरलेल्यांनी ती निघण्यापूर्वीच टाकलेली असते.)

चिन्मयरावांनी अशी व्यवस्था केली आणि सोबत बायकोला, गार्गीला, आणि आईला, सत्यभामाबाईंना, घेतलं. बाई मूळच्या याच भागातल्या. एरवी सहल म्हटलं की गुडघे पुढे करणाऱ्या बाईंनी यंदा फक्त तारीख विचारली आणि पिशवी भरली. त्याच दिवशी उंद्रीच्या देवळातला सप्ताह काल्याच्या कीर्तनानं संपणार होता. पुण्याला गेल्यापासून बाईंच्या तळहातावर काला पडला नव्हता. चिन्मयराव मात्र आईच्या उत्साहानं भारावले.

तंबूंच्या या तळाचं नाव 'विसावा', आणि विसाव्याचे नियम थोर होते. कोवळं ऊन अंगावर घ्यावं. तापलं की सावलीत बसून ते बघावं. (डिसेंबर असला तरी आमच्याकडे हा बदल चहा निवायच्या आत होतो.) हुरडा फोटो काढल्यावरच खावा. बाजेवर एका वेळी एकानंच चिंतन करावं. शांतता ही मुख्य सोय असल्यामुळे ती सोडून कुंपणाबाहेर जाऊ नये. बाईंनी सकाळी देवळाचं नाव काढलं, तेव्हा आपण आरामाला आलोत, असं मुलानं त्यांना समजावलं.

एवढ्यात देवळावरचा भोंगा सुरू झाला आणि मृदंग थेट तंबूत शिरला. बाईंची बोटं बाजेच्या लाकडी माचव्यावर चालू लागली. चिन्मयरावांनी व्यवस्थापक जीवनला आवाज कमी करून आणायला पिटाळलं. तो गेला तो गेलाच. मागोमाग आचारी गेला. टाळांचा आवाज तेवढा वाढला.

यात त्यांचा दोष नाही. कीर्तनात पाऊल ठेवणाऱ्याच्या कपाळी आधी बुक्का लागतो. बुक्का लागलेला माणूस तक्रारदार राहत नाही, श्रोता होतो. रिकामा हात दिसला की त्यात टाळ येतो. महाराज गात असताना मध्ये बोलायचं नाही आणि काला घेतल्याशिवाय उठायचं नाही. म्हणजे तक्रार नोंदवायला योग्य वेळ प्रसादानंतरची, आणि तेव्हा भोंगा बंदच झालेला असतो. (इतकी निर्दोष तक्रार-निवारण पद्धत सरकारलाही साधलेली नाही.)

मग सूनबाई गार्गी तावातावानं गेल्या. थोड्या वेळानं भोंग्यातूनच ऐकू आलं, "पुण्याच्या ताईंले पुढं जागा द्या."

"मी जातो," सत्यभामाबाई उठल्या. "ह्या पोरायले बोलता येत नाही. चांगलं खडसावतो त्यायले."

"आई, तुझे गुडघे?"

"तक्रारीले गुडघे लागत नाहीत, बाळा."

ढेकळं तुडवत बाई अशा निघाल्या की दूत पाठवला तो योग्यच, असं चिन्मयरावांना वाटलं. देवळात हंडी फुटायच्या बेतात होती. दारातल्या बाईनं विचारलं, "मावशी, कोनीकडच्या?"

"तक्रार कराले आली," बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मंग बसा की. तक्रारवाले सारे इकडंच बसले."

जीवन मृदंगावर होता, आचारी पंगतीच्या तयारीत, आणि गार्गी कपाळभर बुक्का घेऊन टाळ चुकवत होती. हंडी फुटली. बाईंच्या ओंजळीत दह्यातल्या लाह्या पडल्या. त्यांनी त्या खाल्ल्या, मग ओंजळ डोळ्यांना लावली, आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

भोंगा थांबला. तिकडे विसाव्यावर चिन्मयरावांना अखेर संपूर्ण, निर्भेळ शांतता मिळाली. हुरडा भाजायची आगटी विझली होती. हाक मारावी तर ओ द्यायला कुणी नव्हतं. ती शांतता त्यांनी थोडी सोसली, मग मोबाईल काढून त्यावर झुळझुळत्या नदीचा आवाज लावला.

हसा, खुशाल हसा. तुम्हीही हे वाचायला आत्ता एखादा निवांत कोपरा धरूनच बसला असाल. घर फारच शांत आहे ना? एकदा उठून बघा, घरात कोण उरलंय ते.