शांत उमेदवार

"म्हणजे तू काहीच बोलणार नाहीस?" मावशीनं पुन्हा विचारलं.

"नाही. मी तिथे नाहीच असं समज."

भाची मावशीच्या प्रचारावर माहितीपट करत होती. प्रश्न विचारायचे नाहीत, सूचना द्यायच्या नाहीत, घडेल ते नुसतं टिपायचं, हा तिचा नियम. मावशीचं बाजारात शिवणकामाचं दुकान होतं. निवडणुकीला ती उभी राहिली ती एकाच कारणासाठी. बाजारातल्या बायकांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहाला पहिल्या दिवसापासून कुलूप होतं, आणि बायका दिवसभर पाण्याचा घोट न घेता गाळ्यांवर बसत होत्या.

घोटाळा पहिल्याच दारात झाला. मावशीनं तोंडाचा पट्टा सोडला होता. मागे भाची, छोटा कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरून, मान जराशी खाली. बघणाऱ्याला साक्षात नमस्कार! आणि प्रचारात बडबडतो तो कार्यकर्ता, हात जोडून मागे उभा राहतो तो उमेदवार, एवढं शेंबडं पोरही सांगेल.

"पोरगी शांत आहे हो," म्हणत त्या घरातल्या आजोबांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. "आमचं मत पक्कं."

पुढच्या दारात मावशीनं आधीच सांगून टाकलं, "उमेदवार मी आहे!"

"कार्यकर्ती असावी तर अशी," घरमालकीण कौतुकानं म्हणाली. "किती समरस झाल्यात!"

विरोधकांच्या माणसानं उमेदवार मुकी असल्याची आवई उठवली. त्यावर गल्ली आणखीच पाघळली. बाकीचे पाच वर्षं बोलतात, ही निदान ऐकेल तरी!

"अगं, तू तरी सांग ना त्यांना!" मावशी भररस्त्यात कडाडली. भाचीनं तिचा संताप अगदी जवळून टिपला.

शेवटची सभा स्वच्छतागृहाच्या त्या बंद दारासमोरच होती. मावशी उभी राहताच गर्दी ओरडली, "तुम्ही बसा! त्या शांत ताईंना बोलू द्या!"

कॅमेऱ्यातून भाचीला मावशीचे भरून आलेले डोळे दिसले. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं कॅमेरा खुर्चीवर ठेवला.

"उमेदवार ही आहे. माझी मावशी. मी नुसती शूटिंगला आलेय."

"अरेरे!" आजोबा हळहळले. "म्हणजे निवडून आल्यावरही ह्या अशाच बोलत राहणार?"

"राहणार!" मावशी गरजली. "गप्प बसणारं कुणी हवं असेल, तर हे कुलूप उभं करा. आजवर चकार शब्द काढलेला नाही बिचाऱ्यानं!"

बाजारातल्या बायका खदखदून हसल्या. मग भाजीवाली म्हणाली, "ते खरं, पण निकाल लागेपर्यंत आम्ही असंच बसायचं होय?"

मावशीनं शेजारच्या लोखंडसामानवाल्याकडे हात पसरला. "हातोडा आण."

"सार्वजनिक मालमत्ता आहे ती!" विरोधकांचा माणूस धावत आला. "उमेदवारी जाईल तुमची!"

"जाऊ दे की! हे दार उघडायलाच भरली होती ती."

भाचीनं एकदा खुर्चीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग ती पुढे झाली आणि तिनं ते कुलूप दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"हं, मावशी," ती म्हणाली, "आता मार."