तात्या विहिणीची भाषा शिकतात

आमच्या घरात शाळा कुणी धड पाहिली नव्हती, पण भाषा सात होत्या. सगळ्या एकाच माणसाच्या तोंडात. आनंदातात्या, माझे थोरले चुलते.

रान सगळं खडकाळ, विहिरीला पाणी नाही आणि घरात खाणारी अकरा तोंडं. म्हणून तेराव्या वर्षी तात्यांना गलाईच्या कामाला मदुरेला धाडलं. गलाई म्हणजे सोनाराकडची मोड आणि दुकानातला केर भट्टीत घालून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं. विट्याच्या आसपासची निम्मी माणसं याच कामापायी देशभर पांगली आहेत. तात्या मदुरेत तमिळ शिकले, विजयवाड्यात तेलुगू, कटकात उडिया, असं करत सात. लिहिता एकही येत नाही. मराठीसुद्धा. त्यांच्या भट्टीच्या जिवावर मी मात्र बी. ए. झालो, घराण्यातला पहिला. हे मी कुणी न विचारताही सांगतो.

तर हे तात्या, वय बहात्तर, गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "टागालोग शिकीव."

मला वाटलं, गुडघ्याचं औषध असावं.

"फिलिपाईन्सची भाषा रं! बी. ए. झालायस न्हवं?"

भानगड अशी होती. तात्यांचा एकुलता एक संतोष जहाजावर फिटर. त्यानं फिलिपाईन्सच्या एका नर्सशी तिकडंच लग्न केलं आणि तात्यांना फोटो पाठवला. "वरबापाला फोटू? ना व्याहीभेट, ना फेटा!" म्हणून तात्यांनी लेकाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तीन वर्षं. त्याचा फोन आला की हे उठून गोठ्यात. मग संतोष जहाजाच्या शिडीवरून पडला आणि कंबर मोडून घेतली. बायको दुबईत नोकरीला. म्हणून हा सासुरवाडीत अंथरुणावर, आणि विधवा सासू त्याला उठवून बसवते, अंघोळ घालते. काकूंनी हे तात्यांना रडत रडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तात्या माझ्या दारात.

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही मराठीत बोला, मोबाईल संतोषच्या सासूला त्यांच्या भाषेत सांगतो. नाहीतर थेट संतोषलाच लावू की."

"त्यो कुणाच्या घरात पडलाय? तिच्या. मग आदी घरधनिणीला इचारावं लागतंय. आन् त्ये यंत्राच्या तोंडानं इचारू व्हय?"

शिकवणी सुरू झाली. म्हणजे मी मोबाईलवर धडा लावायचा आणि दोघांनी मिळून शिकायचं. पहिल्याच धड्याला तात्यांनी हात वर केला. "नमस्कार ऱ्हाऊ दे. आदी शिव्या काढ."

"शिव्या?"

"नव्या पेठंत पयल्या शिव्या शिकायच्या. म्हंजे कोण आपल्याला काय म्हणतंय ते कळतंय."

मी बी. ए.ला जागून ठाम नकार दिला. मग आम्ही आकडे घेतले, मग 'कुमाइन ना पो बा कायो', म्हणजे जेवलात का.

यातला 'पो' तात्यांच्या मनात भरला. वडीलधाऱ्यांशी बोलताना तो वाक्यात घालतात, आपल्या 'जी'सारखा. झालं! एस. टी.च्या कंडक्टरला 'सालामात पो', म्हणजे आभारी आहे. न्हाव्याला 'सालामात पो'. म्हशीनं धार दिली की तिलाही. एकदा भाकरी थापता थापता काकू म्हणाल्या, "आवं, म्हशीला पो, मग मला कवा?"

"तू घरातली हायस."

"आन् म्हस काय पावणी आलीया?"

'बालाए' हा शब्द सापडला तो दिवस तर सणासारखा गेला. बालाए म्हणजे व्याही किंवा विहीण. तात्यांनी विचारलं, "इंग्रजीत काय म्हणत्यात ह्येला?" मी डोकं खाजवलं. असा शब्द नाही.

"न्हाई न्हवं? तुज्या बी. ए.च्या भाषंत न्हाई, आन् हिच्यात हाय. म्हंजे सोयरीक जाणणारी माणसं हायती, गड्या."

त्या दिवसापासून 'ती बाई' गेली आणि 'आमची विहीण' आली.

अडलं ते एका वाक्यापाशी. 'पुवेदे पो बांग माकाऊसाप सि संतोष?' संतोषशी बोलू का, एवढंच. दोन महिने झाले तरी ते पुरं होईना. मी 'माकाऊसाप' तोडून दिलं, जोडून दिलं, दहादा घोकून घेतलं. बाकी भाषा पंधरा-पंधरा दिवसांत जिंकलेला माणूस, यालाच का अडतो? एकदा लक्ष देऊन ऐकलं तेव्हा कळलं. 'पुवेदे' नीट येत होतं. 'माकाऊसाप' तर माझ्यापेक्षा चांगलं. नावाआधी लावतात त्या 'सि'पर्यंत गाडी सुरळीत यायची आणि शेवटच्या शब्दाला तात्यांना खोकला यायचा. सबंध वाक्यात मराठी तेवढाच शब्द होता.

मी तोडून देणं बंद केलं. कळल्याचं दाखवलंही नाही.

एका रविवारी सकाळी तात्या फेटा बांधून आले. "लाव."

पडद्यावर विहीणबाई आल्या. गुलाबी टी-शर्ट, केस वर बांधलेले, मागं दोरीवर संतोषचे कपडे वाळत घातलेले. तात्यांनी हात जोडले. "मागांदांग उमागा पो, बालाए." बाईंनी तोंडावर हात घेतला. "पासेन्स्या ना पो," तात्या म्हणाले. झालंगेलं पोटात घाला. हे मी शिकवलेलं नव्हतं. कधी एकट्यानं धडा ऐकला होता, कुणास ठाऊक. मग वाक्य निघालं. पुवेदे, माकाऊसाप, सि...

थांबले. काकू दाराआडून पुढं आल्या. पलीकडं विहीणबाई घाई न करता वाट बघत होत्या.

"सि... संत्या," तात्या म्हणाले.

"ओपो, ओपो!" म्हणजे हो जी, हो जी म्हणत बाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. उशाला टेकून संतोष बसला होता. दाढी वाढलेली.

"तात्या?"

"कंबर काय म्हणती रं?"

बाप-लेक त्या दिवशी तीन वर्षांनी बोलले. मी मोबाईल काकूंच्या हातात दिला आणि बाहेर आलो.