जांभईरावांना आली जाग

"येत्या शनिवारी मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये कोण बसलेलं दिसेल, माहितीये? मी!" असं म्हणून जांभईरावांनी टेबलावर मूठ आपटली आणि लगेच एवढी मोठी जांभई दिली, की समोर बसलेल्या बायकोलाही आली, बायकोकडे बघून मेहुणीला आली आणि खिडकीतल्या मांजरानेही जबडा उघडून हजेरी लावली.

जांभईराव हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. गाद्यांच्या दुकानात बारा महिने पेंगत पेंगत विक्री करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? पण गंमत अशी, की दुकानातल्या निम्म्या गाद्या हेच खपवायचे! गिऱ्हाईक आलं की हे जडशीळ उठायचे, "बघा... जरा पडून बघा..." म्हणता म्हणता आ वासायचे. मग गिऱ्हाईक आ वासायचं आणि आडवं व्हायचं. उठलं की डोळे चोळत एकच प्रश्न, "घरपोच कधी देता?"

हे सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. एक जांभईराव सोडून!

"मी अर्धवट झोपेत एवढ्या गाद्या विकतो," ते म्हणाले, "तर पूर्ण जागा झाल्यावर काय कहर करेन! जुने मॅनेजर गेले. मालक शनिवारी येऊन बघणार, मी की तो उशीवाला!"

उशीवाला म्हणजे पलीकडच्या काउंटरवर उशा विकणारा. उशीसारखाच, जिकडे दाबाल तिकडे दबणारा आणि दुसरीकडून वर येणारा.

मेहुणी व्यायामशाळेत लोकांना घाम गाळायला लावायची. तिला तर आयतंच सावज मिळालं.

"भावोजी, तुमच्या मेंदूवर साय धरलीये! साखर बंद, तळलेलं बंद. सकाळी दोरीवरच्या उड्या, जेवायला उकडलेला कोबी आणि उड्यांच्या आधी एक कप काळी कॉफी. डोकं बघा कसं चालतं!"

"अगं, ताईचं जरा ऐक," बायको बहिणीला म्हणाली, "ह्यांना कॉफीचा नुसता वास आला तरी झोप उडते. जपून!"

"एका कपाने डोकं चालणार असेल," जांभईराव म्हणाले, "तर चार कपांनी पळेल!"

आणि पळालं हो! दुसऱ्या दिवशी ते गजराच्या आधी उठले आणि उशीर केला म्हणून घड्याळालाच झापलं. उड्या मारल्या तेव्हा खालच्या मजल्यावरचे शेजारी भूकंप समजून बाहेर पळाले. कोबी खाल्ल्यावर मात्र डोकं फिरलं. कपाटाचं दार नीट लागेना, म्हणून कपाटाशी कचाकचा भांडले. कपाट गप्प बसलं, त्याचा त्यांना जास्तच राग आला.

"अहो, कपाट आहे ते!"

"म्हणून काय उत्तर द्यायचं नाही?"

दुकानात तर बहारच! सकाळी सगळ्या गाद्या जाडीप्रमाणे लावल्या, जेवायच्या आधी रंगाप्रमाणे, जेवल्यावर पुन्हा जाडीप्रमाणे. तेवढ्यात एक आजी-आजोबा आले.

"पाठ फार दुखते हो. मऊ गादी दाखवा."

"पाठ दुखते?" जांभईराव टुणकन गादीवर चढले. "मग गादी कशाला? हालचाल करा! अर्धं आयुष्य लोळून काढलंत, पोट भरलं नाही? वाका! वाका! आता डावीकडे!"

आजोबा वाकले. कट्कन आवाज आला आणि पाठ मोकळी झाली! आजी आनंदाने टाळ्या पिटत त्यांना घेऊन घरी गेली. गादी तशीच राहिली.

मग नवं लग्न झालेलं जोडपं आलं. त्यांना जांभईरावांनी पहाटे उठण्याचे फायदे सांगितले. नवऱ्याचा चेहरा पडला, बायकोचा खुलला आणि दोघं पलंगाऐवजी पळायचे बूट घ्यायला गेली. आठवडाभर एक गादी हलली नाही! उशीवाल्याचं हसू या कानापासून त्या कानापर्यंत पोचलं.

दुसरा कुणी असता तर शहाणा झाला असता. जांभईरावांचं डोकं मात्र सुसाट होतं. "कळलं! जागेपणा कमी पडतोय!" आणि त्यांनी कॉफीचा थर्मासच गळ्यात अडकवला.

शनिवार उजाडला. आदल्या रात्री जांभईरावांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, पोटात कोबीसुद्धा नाही, नुसती कॉफी. मालक आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. "हं, चालू द्या."

दारातून आली रात्रपाळी करून दमलेली नर्स.

"एक गादी..."

"गादीमॅडमबसादोनप्रकारस्प्रिंगफोमपणआधीसांगाउड्यामारताका?"

त्यांनी गादीवर हात ठेवला, तर गादी थरथरायला लागली! नर्सने त्यांचं मनगट धरलं.

"ही नाडी आहे का शिलाई मशीन? आडवे व्हा!"

"मी? मी फक्त विकतो हो, वापरत नाही!"

"आडवे व्हा म्हटलं ना!" तिने त्यांना शोकेसमधल्या सगळ्यात भारी गादीवर ढकललं. "डोळे मिटा."

"मालकांसमोर? माझी केबिन जाई..."

वाक्य अर्धंच राहिलं. आठवडाभराची थकबाकी एकदम वसूल करायला झोप येऊन बसली. त्याआधी त्यांनी एक जांभई दिली. पण काय जांभई! आठवडाभर साठवून मुरलेली! काचेपलीकडे रस्त्यावरच्या माणसाने आ वासला. त्याच्या मागच्याने वासला. चौकातल्या पोलिसाने तर हात वर करून जी जांभई दिली, ती संपेपर्यंत चारी बाजूंची वाहतूक थांबली! आणि डोळे चोळत माणसं दुकानात शिरू लागली.

"हे झोपलेत तसली द्या!"

"मला त्यांच्या घोरण्यासारखी, जरा जाड!"

दुकान रिकामं झालं. शेवटची गादी उरली ती जांभईरावांच्या खालची. ती नर्सने घेतली.

"यांना उठवू का?" मालकांनी विचारलं.

"खबरदार! पेशंटला हलवायचं नाही!"

म्हणून हमालांनी गादी पेशंटसकट टेम्पोत चढवली. जांभईराव जागे झाले ते एका अनोळखी घरात, नर्सच्या सासूबाईंच्या किंकाळीने.

"सूनबाई! गादीवर हे काय फुकट दिलंय गं?"

सोमवारी निकाल लागला. काचेच्या केबिनमध्ये उशीवाला बसला. जांभईरावांसाठी मात्र मालकांनी खास नवीन जागा काढली, तीही काचेचीच. शोकेस! दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत गादीवर झोपायचं, मधून मधून कडक जांभई द्यायची. पगार मॅनेजरएवढाच.

"बघा!" बायको म्हणाली. "घरी हेच करता, तेव्हा मी ओरडते. तिथे पैसे देतात!"

सगळं छान झालं असतं. पण मेली कॉफी! सोडली तर डोकं ठणकायचं, घेतली तर डोळा लागायचा नाही. त्यात झोपणं हीच नोकरी म्हटल्यावर झोप येते का कुणाला? मऊ गादी, पिसांची उशी, अंगावर रेशमी पांघरूण, आणि जांभईराव घुबडासारखे टक्क! काचेबाहेर गिऱ्हाईकं ताटकळलेली.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. उशीवाला उभा होता, मॅनेजरच्या रुबाबात.

"काय हो? कामाच्या वेळेत जागे?"

जांभईराव धडपडून आडवे झाले आणि पांघरूण नाकापर्यंत ओढून पुटपुटले, "माफ करा साहेब... जरा डोळा उघडा राहिला!"