अंतऱ्याची शिट्टी

लॅपटॉप रोज सकाळी विचारायचा, नवी आवृत्ती घ्यायची का, आणि रेणुकादास रोज 'नंतर'वर बोट ठेवायचे. नऊ वर्षं हे बिनबोभाट चाललं. ते गेल्यावर पाच महिन्यांनी, पुनमच्या हळदीच्या दिवशी, तोच प्रश्न त्यांच्या मुलीपुढं आला. इंदू उदगीरच्या शाळेत शिक्षिका. प्रश्न कोरा सोडलेला तिला कधी खपत नसे. तिनं 'आत्ता' दाबलं.

तासाभरानं पडद्यावर अक्षरं आली : जुन्या फायली या आवृत्तीत उघडणार नाहीत.

त्या फायलींत बाबांनी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसून बांधलेले ताल होते. कीबोर्ड बाबा वाजवायचे, ताल लॅपटॉप धरायचा आणि त्यांचे मित्र व्यंकटकाका गायचे. आज त्याच व्यंकटकाकांच्या मुलीची हळद होती. त्यांचं एकच मागणं होतं. "रेणुकादास न्हाई, त्याचा ताल तरी पायजे. कीबोर्डवर तू बस."

"काय करायलीस, माय? पाहुणे बसले की!" मंडपातून व्यंकटकाकांचा आवाज आला.

"काका, ताल उघडत नाहीये."

"म्हंजे?"

"म्हणजे गेला."

पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले संगप्पाकाका उठले. लॅपटॉप घरात आला, त्या दिवशी त्यांची ढोलकी सुटली होती. तरी त्यानंतरचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता. समोर बसून नाक मुरडायला कुणीतरी लागतंच.

"मी तवाच म्हणलो होतो," ते म्हणाले. "माझ्या ढोलकीनं कवा इचारलं का, नवी होऊ का म्हणून?"

"काका, ढोलकी घरून आणायला किती वेळ लागेल?"

"गाडीतच हाय."

"आज आणलीत?"

"रोजच असती." संगप्पाकाका चपला शोधू लागले. "तुझा बाप कवा बी बोलवील म्हणून."

ढोलकी घुमली. इंदूनं सूर धरला. व्यंकटकाकांनी मुखडा घेतला, झकास घेतला. मग पुन्हा घेतला. चौथ्यांदा मुखडाच आला, तेव्हा हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"अंतरा घे की!" संगप्पाकाका दातओठ खात कुजबुजले.

"शिट्टी कुठं हाय?"

"कशाची शिट्टी?"

"कुकरची!"

इंदूला आठवलं. या गाण्याचा ताल ध्वनिमुद्रित होत असताना आत आईचा कुकर वाजला होता. बाबांनी ती शिट्टी तशीच ठेवली, आणि व्यंकटकाका नऊ वर्षं त्या शिट्टीवर अंतऱ्यात शिरत आले होते. मोजून शिरायची सवय पार मोडली होती. सहावा मुखडा सुरू झाला. पिवळ्या गालांची पुनम बापाकडं बघून कसनुसं हसू लागली.

इंदूचे दोन्ही हात कीबोर्डवर अडकलेले. ती माइककडं वाकली आणि शाळेत पोरांनी जे केलं असतं तर तिनं त्यांना बाकावर उभं केलं असतं, ते तिनं भर मंडपात केलं.

"फुईऽऽऽ!"

व्यंकटकाकांनी डोळे मिटले आणि ते अलगद अंतऱ्यात शिरले. पुढं गाणं असं रंगलं की संगप्पाकाकांनी शेवटची तिहाई दोनदा वाजवली.

गर्दी जेवणाकडं वळल्यावर आई जवळ आली. "तुझी शिट्टी आखूड झाली," ती म्हणाली. "माझी लांब होती. त्या दिवशी मी गॅस बंद करायला निघाले, तर ह्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. वरणाची डाळ करपली सगळी."

"मग?"

"मग काय. दोनदा मागून खाल्ली."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तर नवा प्रश्न हजर. जुन्या फायली आता नव्या पद्धतीत बदलून मिळतील. मागचे अनावश्यक आवाज आपोआप काढून टाकले जातील. आत्ता की नंतर?

आत कुकर चढला होता. इंदूनं पहिली शिट्टी होऊ दिली, आणि 'नंतर'वर बोट ठेवलं.