हाड म्हणजे बोन

टॉफी मुलाच्या विलायतेतल्या, स्टॅनमोरच्या घरी आला, त्याच दिवशी मोहनरावांनी घोळ घातला. कुठंतरी मार खाल्लेलं, प्राण्यांच्या संस्थेनं सोडवून आणलेलं ते कुत्रं त्यांच्या चपलेचा वास घ्यायला हळूच पुढं आलं आणि मोहनरावांच्या तोंडून जुनी सवय बाहेर पडली, "हाड्!"

टॉफी सोफ्याखाली घुसला.

"आजोबा, हाड म्हणजे व्हॉट?" नात मायरानं विचारलं. "तो किती घाबरली!"

मोहनरावांचे कान तापले. "हाड म्हणजे... बोन गं. खाऊ देतो म्हणालो त्याला."

"ऑ, सो स्वीट!"

खोटं तिथंच जिरलं असतं. पण संस्थेनं सांगून ठेवलं होतं, कुत्र्याला एकदम हात लावू नका. आधी एकच ठरलेला शब्द म्हणा, मग स्पर्श, मग लगेच खाऊ. शब्द मायरानं निवडला. रोज शाळेतून आली की ती जमिनीवर बसून "हाड" म्हणायची, टॉफीच्या खांद्याला बोट लावायची आणि चिकनचा तुकडा द्यायची. बोटाचा पुढं अख्खा हात झाला. टॉफी त्या शब्दावर शेपटी हलवू लागला. मग आजोबांचीही पाळी आली. "हाड रे, हाड माझ्या राजा," असं लाडानं म्हणताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. सून सीमा किचनमध्ये टी-टॉवेल तोंडात कोंबून हसायची.

"बाबा, सांगून टाका तिला खरं."

"आता कुठल्या तोंडानं सांगू?"

अखेर संस्थेच्या बाई आल्या. टॉफी अनोळखी माणसाला हात लावू देतो का, हे पाहून तो इथं राहणार की परत जाणार, ते त्या ठरवणार होत्या.

"मी शुलामीथ. आमची ज्यू फॅमिली पण मुंबईची हं," बाई म्हणाल्या. "पण मराठी एवढीच उरलीय माझी. बाकीची आजीबरोबरच गेली."

एवढ्या मराठीतही 'हाड्' उरलंच असणार, हे मोहनरावांनी ओळखलं. शब्द म्हणावा तर बाई चिडणार, न म्हणावा तर टॉफी सोफ्याखालीच राहणार.

"आजोबा, आपली वर्ड म्हणा ना!" मायराचे डोळे भरले.

मोहनराव नुसतेच खोकले.

इतक्यात बाईंच्या मांडीवरच्या ताटलीतल्या वड्याचा वास सोफ्याखाली पोचला. टॉफी बाहेर आला आणि त्यानं थेट ताटलीत नाक घातलं.

"हाड्! हाड् हाड्!" बाई ओरडल्या.

ताटली कार्पेटवर पडली. टॉफी आनंदानं बाईंच्या मांडीवर चढला, उताणा झाला आणि पोट पुढं करून पडला.

"यू नो अवर वर्ड!" मायरा किंचाळली.

बाई लालबुंद झाल्या. त्यांनी मोहनरावांकडे पाहिलं. मोहनराव कार्पेटकडे पाहत होते.

"हाड म्हणजे..." बाई चाचरल्या.

"बोन," मोहनराव घाईनं म्हणाले.

"हो, बोनच," म्हणत बाई टॉफीचं पोट चोळू लागल्या.

टॉफी कायमचा राहिला. निघताना बाईंनी दारात आवाज खाली आणला. "मोहनराव, मी हे ओरडले, ते ऑफिसात कळलं ना, तर माझी नोकरी... प्लीज, कुणाला बोलू नका हं."

"छे हो!" मोहनराव म्हणाले.

दोघं खाली मान घालून उभी राहिली. मध्ये बसलेला टॉफी आळीपाळीनं दोघांकडे बघत होता, आता पुन्हा कोण म्हणतंय त्याची वाट पाहत.