सोनकाकीने दिलेले गव्याचे औषध

एका जंगलात, बाळांनो, वैद्य एकच होता. पण वैद्यकी सगळ्यांनाच येत होती. अशी जंगलं फार सुखात असतात.

तिथे सोनकाकी नावाची चितळीण राहायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांची उरलेली औषधं ती एका ढोलीत जपून ठेवायची. चांगलं औषध टाकायचं कशाला, असं तिचं म्हणणं.

कळपाचा पहारेकरी होता भिकोबा वानर. उंच सागावर बसायचा आणि बिबट्या दिसला की ओरडायचा. त्या एका ओरडण्यावर सगळ्यांचे जीव तगून होते.

थंडीत भिकोबाला खोकला झाला. छातीत कफ घुरघुरू लागला. कळपाला त्याची दया आली नाही, कारण खोकल्यामुळे दुपारची झोप मोडत होती.

धनेश वैद्याला दाखवून येतो, असं भिकोबा म्हणाला. सोनकाकी हसली. साध्या खोकल्यासाठी का कोणी दोन टेकड्या ओलांडतं? गेल्या साली गव्याला कोरडा खोकला झाला होता. धनेशानं त्याला दिलेली बाटली अर्धी उरली होती. काकीनं ती काढली.

तिचा नवरा हरबाजी. त्याला वाचायची खोड होती. दुसऱ्याला देऊ नये, असं बाटलीवर लिहिलं होतं. झोप येते, उंचावर चढू नये, असंही लिहिलं होतं. त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"असं सगळ्याच बाटल्यांवर लिहितात," काकी म्हणाली. "नाहीतर वैद्याचं पोट कसं भरेल?"

हरबाजी गप्प बसला. शहाणे नवरे तेवढंच करतात.

गव्याला दोन मोठे चमचे होते, मग मला किती, असं भिकोबानं भीतभीत विचारलं. काकी म्हणाली, तूही दोनच घे, तुझं काम जबाबदारीचं आहे. तासाभरात गुण दिसेना, म्हणून तिनं आणखी दोन पाजले आणि त्याला सागावर पाठवलं.

दुपारी सागावर अगदी सामसूम झाली. आपल्या हाताला गुण आहे, हे काकीनं चारचौघींना ऐकवलं आणि ती आडवी झाली. सगळा कळप झोपला. हरबाजी तेवढा जागा होता. भिकोबा हलत का नाही, म्हणून तो झाडाखाली मान वर करून उभा होता.

बिबट्या गवतातून सावकाश चालत आला. त्याला धावावंसुद्धा लागलं नाही. तो हरबाजीला घेऊन गेला.

भिकोबाला जाग आली दुसऱ्या दिवशी. कामावर झोपला म्हणून कळपानं त्याला काढून टाकलं. मग सगळे काकीच्या सांत्वनाला जमले. ती रडली, अगदी मनापासून रडली. बाई वाईट नव्हती, नुसती मूर्ख होती. शेवटी तिनं डोळे पुसले.

"काही म्हणा," ती म्हणाली, "खोकला मात्र थांबला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. निघताना दोघीतिघींनी औषधाचं नाव विचारून घेतलं.

तात्पर्य : नवरा काय, पहारेकरी काय, दुसरा मिळतो. उरलेलं औषध वाया जाता कामा नये.