पानिपतावर माठ ठेवणारे रहीमचाचा

आमच्या शाळेच्या भिंतीवर पानिपतची लढाई आहे आणि लढाईच्या मधोमध पाण्याचा माठ आहे. त्यावर झाकणी, झाकणीवर पालथा पेला. हे काम रहीमचाचांचं.

"मॅडम, येवढी माणसं उन्हात लढून राहिली, पाणी नको?"

"चाचा, तिथं माठ नव्हता हो."

"तुम्ही गेल्त्या बघाया?"

झालं. मी वीस वर्षं इतिहास शिकवते, पण माठ तिथेच राहिला. मिठाच्या सत्याग्रहात तर त्यांनी दोन माठ काढले. मीठ म्हटल्यावर तहान जास्त लागणार, हा हिशेब.

एके काळी हिमायतनगरच्या बाजारात अर्ध्या दुकानांच्या पाट्या चाचांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आलं आणि चाचा घरी बसले. शाळेच्या लांबलचक भिंतीवर मुलांकडून देशाचा इतिहास काढून घ्यायचं माझ्या डोक्यात आलं, तेव्हा मी त्यांनाच गाठलं. प्रत्येक वर्गाला भिंतीचा एक तुकडा. पुस्तकातलं थोडं घ्यायचं, घरच्या म्हाताऱ्यांना विचारून प्रत्येकाने एक वाक्य आणायचं, त्यावरून सगळ्यांनी मिळून चित्र काढायचं. चाचांनी फक्त रंग सांभाळायचे.

फक्त रंग कसले! चाचा म्हणजे चालतीबोलती काळजी. ब्रश उचलायच्या आधी एकच प्रश्न, "कुणाला वाईट तर न्हाई वाटणार ना?" सातवीच्या पोरांनी इंग्रज साहेब राक्षसासारखा काढला, तर चाचांनी त्याचे दात कमी केले. "त्याची बी माय असंल की." मला हसू यायचं आणि धडकीही भरायची. सतरा सप्टेंबरला झेंडावंदन, पाहुणे येणार, आणि भिंत निम्मी कोरी. आमचा मराठवाडा निजामाच्या तावडीतून देशामागून तेरा महिन्यांनी सुटला, त्यामुळे हा दिवस आमच्याकडे मोठा. रक्तदाबाची गोळी मी डब्यातच ठेवायला लागले होते.

आठवीकडे नेमका याच लढ्याचा तुकडा होता. मुलांनी घरून वाक्यं आणली. धान्याच्या कणगीत लपवलेली लेकरं, पेटवलेली कडब्याची गंजी. आता गावात शिरणारा निजामाचा रझाकार हवा. तो कसा दिसायचा, हे कुणालाच माहीत नाही. शेवटी वर्गातला गणेश म्हणाला, "चाचा, जरा उभं ऱ्हाता का? तुमची दाढी लई भारी हाय."

चाचा उभे राहिले. हातात काठी घेऊन, अर्धा तास. वर "दाढी जरा लांब काढ" असंही सांगितलं. मी व्हरांड्यातून बघत होते आणि हसत होते. हो, हसत होते. मला अक्कल असती तर तिथेच थांबवलं असतं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. झेंडावंदन चार दिवसांवर आलं, तशी मी त्यांच्या घरी गेले. चाचा बाजेवर बसून होते.

"तब्येत बरी हाय, मॅडम. दाढीचं बी काय न्हाई. लेकरायला पायजे होती, दिली." मग आवाज खाली आला. "पण माझी नात आयेशा पुढच्या साली पहिलीत येणार. पाणी प्याया रोज त्याच भिंतीजवळून जाणार. चित्रात मला बघून इच्चारंल, नाना, तुम्ही हितं काय करून राहिले? म्या काय सांगू?"

माझी मान खाली गेली. शाळेत येऊन मी मुलांना सगळं सांगितलं. मग गणेशच पुटपुटला, "आपण चाचाला घरचं वाक्य मागितलंच न्हाई."

संध्याकाळी आख्खी आठवी चाचांच्या अंगणात. गणेशने वही उघडली. "चाचा, चुकलं आमचं. तुमच्या घरचं वाक्य द्या."

चाचांनी पोरांना जवळ बसवून घेतलं. "माझी दादी, म्हंजे आजी, सांगायची," ते म्हणाले, "त्या साली आमचं दार दोनदा बंद झालं. पयले रझाकार आले, पोरगा द्या म्हणले. आज्यानं दिला न्हाई, कडी लावली. मंग निजाम हरला, हिंदुस्थानची फौज आली, तवा बदला घेणाऱ्या शेजाऱ्याच्या भीतीनं लावली."

गणेशने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

आठवीने तो रझाकार पाठमोरा केला आणि त्याच्यापुढे एक बंद दार काढलं. चाचांनी ब्रशला हात लावला नाही, नुसती शिडी धरून उभे राहिले. हेडसर घाबरले. "मॅडम, हे दार कशाला? पाहुणे विचारतील."

"विचारू द्या की. मी सांगते."

सतराला चाचा इस्त्रीचा सदरा घालून, आयेशाचं बोट धरून आले. झेंडा वर गेला, भाषणं झाली, पाहुणे चहाला वळले. आयेशा भिंतीपाशी गेली. माठ बघितले, घोडे बघितले आणि दारासमोर थांबली.

"नाना, अंदर कौन है?"

मग त्या पोरीने मूठ वळली आणि रंगवलेल्या दारावर ठकठक केलं. वाट बघत राहिली.

मागून चाचांनी आवाज दिला. कापरा, म्हाताऱ्या बाईचा. त्यांच्या दादीचाच असणार.

"खोलतूं बेटा, खोलतूं."